संगणकाचा ठावठिकाणा

श्रोते हो, आजचा विषय तसा लहानसा आहे. घरात नवा कॉम्प्युटर आणला म्हणजे, तो हरवल्यास नकाशावर कोठे आहे हे दाखवण्याची एक सोय त्यात असते. पुष्कळांच्या घरी ही सोय चालत नाही. काहींच्या घरी चालते, पण भलतेच गाव दाखवते. असे का होते आणि आपल्या हाताने ते कसे दुरुस्त करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे. पण आधी एक हकीकत ऐका.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या एक बाई तालुक्याच्या गावी प्रशिक्षणाला गेल्या होत्या. परतताना पावसाची मोठी सर आली. छत्री उघडण्याच्या गडबडीत बाई फाट्यावर उतरल्या आणि लॅपटॉपची पिशवी बसमध्येच राहिली. लॅपटॉप काय, पुन्हा घेता येतो. पण ह्या बाईंनी चार वर्षे एक काम नेमाने केले होते. वर्गातील प्रत्येक मुलाचे वाचन त्या अधूनमधून ध्वनिमुद्रित करून ठेवीत. पहिलीत बोट ठेवून एकेक अक्षर लावणारे पोर चौथीत धडा कसा घडाघडा वाचते, हे त्या पालकसभेत आईबापांना ऐकवीत. ते सारे आवाज त्या एका लॅपटॉपमध्ये होते. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

बाई रडकुंडीला आल्या. आमच्यातले एक तरुण गुरुजी म्हणाले, "अहो बाई, घाबरता कशाला? हल्ली कॉम्प्युटर नकाशावर दिसतो." आम्ही सगळे त्यांच्या मोबाइलभोवती गोळा झालो. पण नकाशावर काहीच दिसेना. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानात तो घाईघाईने सुरू करून देण्यात आला होता. त्यात बाईंचे स्वतःचे खाते जोडलेले नव्हते आणि शोधाची सोय कोणी चालूच केली नव्हती. वस्तू हरवल्यावर ती चालू करता येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालो होतो आम्ही!

पिशवी पुढे मिळाली, ती निराळ्या कारणाने. ते शेवटी सांगतो.

त्याच सुमारास मीही घरी नवा संगणक घेतला होता. बाईंची अवस्था पाहून मी घरी गेल्यागेल्या ती सोय चालू केली आणि नकाशा उघडला. पाहतो तो काय, मी बसलो आहे कराड तालुक्यातल्या आमच्या गावी, आणि संगणक सांगतो आहे की मी वाईत आहे! दोन्हीकडे कृष्णामाईच आहे हे खरे. पण मध्ये सुमारे ऐंशी किलोमीटरांचा रस्ता आहे. त्यातून मौज अशी की हा संगणक जन्मात कधी वाईला गेला नव्हता. तो कराडच्या बाजारातून थेट घरी आलेला. वाईला राहत होतो मी, जूनमध्ये बदली होईपर्यंत. मग संगणकाला वाई कोणी सांगितली?

ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की ह्या सोयीतले निम्मे दोष आपोआप उमगतात. म्हणून थोडे मुळापासून पाहू.

संगणकाला आपण कोठे आहोत हे स्वतःहून कळत नाही. रात्रीच्या अंधारात अनोळखी गावी उतरलेल्या पाहुण्यासारखी त्याची स्थिती असते. तो चौघांना विचारतो आणि जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवतो. हे चौघे कोण, ते पाहा.

पहिला म्हणजे आकाशातले उपग्रह. जीपीएस हे नाव आपण ऐकले असेल. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह वेळेचे संकेत सतत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र आपली जागा गणिताने काढते, आणि मोकळ्या आकाशाखाली ती काही मीटरांपर्यंत बरोबर येते. आपल्या मोबाइलमध्ये हे संकेत घेणारा भाग असतो. घरगुती संगणकात मात्र तो बहुधा नसतो. तेव्हा हा पहिला जाणकार आपल्या संगणकाला भेटतच नाही.

दुसरा म्हणजे मोबाइलचा मनोरा. ज्या यंत्रात सिमकार्ड असते त्यालाच हा उपयोगी पडतो. घरच्या संगणकात सिमकार्ड क्वचितच असते, म्हणून हाही बाद.

तिसरा म्हणजे वाय-फाय. घरात इंटरनेट देणारी जी डबी भिंतीवर लुकलुकत असते, तिला राउटर म्हणतात. प्रत्येक राउटरला स्वतःचा एक ओळखक्रमांक असतो, आणि तो क्रमांक राउटर हवेतून सारखा पुकारीत असतो. रस्त्याने जाणाऱ्या मोबाइलांना तो ऐकू येतो. मोबाइलला स्वतःची जागा उपग्रहांवरून ठाऊक असते. त्यामुळे "अमुक क्रमांकाचा राउटर अमुक ठिकाणी ऐकू आला" अशी नोंद मोठ्या कंपन्यांच्या वहीत होत जाते. आपला संगणक आजूबाजूचे राउटर ऐकतो, ती वही विचारतो, आणि उत्तर येते ती आपली जागा असे धरतो. त्या राउटरला संगणक जोडलेला असण्याचीही गरज नसते, नुसता ऐकू आला तरी पुरे. शहरातल्या इमारतीत असे वीस-पंचवीस राउटर ऐकू येतात, म्हणून तेथे संगणकाची जागा घरापर्यंत बरोबर येते. वस्तीवरच्या एकट्या घरात एखादाच राउटर असतो, कधी तोही नसतो.

चौथा म्हणजे इंटरनेटचा क्रमांक. इंटरनेटवर जाताना आपल्याला सेवा देणाऱ्या कंपनीकडून एक क्रमांक मिळतो. त्यावरून ढोबळ जागा काढता येते. पण ती पुष्कळदा कंपनीच्या मोठ्या केंद्राची असते. म्हणून सांगली-साताऱ्याकडचा संगणक कधी पुण्यात, तर कधी मुंबईत असल्याचे दाखवतो. ह्यात यंत्र बिघडले असे नाही. चौघांपैकी शेवटच्यानेच काय ते उत्तर दिले, आणि त्याला तालुका ठाऊक नव्हता, इतकेच.

आता माझ्या वाईचे कोडे सुटले का? अहो, संगणक नवा, पण राउटर जुना! बदलीच्या सामानात भांड्याकुंड्यांबरोबर तो डबा मी वाईहून उचलून आणला होता. तीन वर्षे तो वाईच्या आमच्या बिऱ्हाडात पुकारत राहिला, आणि वहीत त्याच्यापुढे "वाई" अशी नोंद पडली. इकडच्या घराच्या आसपास दुसरा राउटर नाही. नव्या संगणकाने ह्या एकाच साक्षीदाराला विचारले, आणि साक्षीदाराने आपला जुना पत्ता सांगितला.

हे नुसते तर्काने म्हणून भागत नाही, करून पाहावे लागते. मी राउटर बंद केला, संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडला आणि पुन्हा ठिकाण विचारले. वाईचा ठिपका गेला आणि पुण्याभोवती एक भले मोठे वर्तुळ आले. म्हणजे वाई सांगणारा राउटरच होता, आणि तो गप्प बसताच संगणक चौथ्या जाणकाराकडे वळला. तुमच्या घरी असे झाले तर हीच परीक्षा करा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि पैसा खर्च होत नाही.

ह्याला उपाय काय? वहीतली नोंद नव्या साक्षींनी हळूहळू बदलते. घरातल्या मोबाइलचे लोकेशन आणि वाय-फाय दोन्ही चालू ठेवावे आणि अंगणात, ओसरीवर त्याचा नेहमीसारखा वापर करावा. माझ्या घरी तीन आठवड्यांनी ठिपका वाई सोडून आमच्या गावी आला. तोवर संगणकाचा काही दोष नाही हे ओळखून स्वस्थ बसावे. दुरुस्तीला नेऊन नवे यंत्र उघडू देऊ नये.

आता समजा, ठिपका चुकीचा नाही, तर मुळात येतच नाही. अशा वेळी इकडची कळ दाब, तिकडची दाब, असे करू नये. दिवा लागला नाही तर आपण आधी वीज आहे का ते पाहतो, मग बटण, मग दिवा. तसाच येथेही क्रम आहे. आपल्याकडच्या पुष्कळ घरगुती संगणकांवर विंडोज ही प्रणाली असते, म्हणून तिचेच उदाहरण घेतो. तिच्यात ही सोय २०१५ सालच्या अखेरीपासून आहे, आणि तिचे नाव "फाइंड माय डिव्हाइस".

पहिली तपासणी खात्याची. ह्या सोयीसाठी संगणकात मायक्रोसॉफ्टचे खाते जोडलेले असावे लागते, आणि ते खाते त्या संगणकाचे मुख्य, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे असावे लागते. नुसते "युजर" किंवा "होम" असे स्थानिक नाव घालून संगणक चालत असेल तर नकाशावर तो येणार नाही. "सेटिंग्ज" उघडून "अकाउंट्स" ह्या भागात कोणाचे नाव व कोणता ई-मेल दिसतो, ते आधी पाहावे.

येथे शिक्षक मंडळींनी एक ध्यानात घ्यावे. शाळेने किंवा कचेरीने दिलेल्या खात्यावर ही सोय चालत नाही. ती व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यासाठी आहे. शाळेच्या खात्याने उघडलेला संगणक नकाशावर दिसला नाही म्हणून त्याला नादुरुस्त ठरवू नका. शाळेच्या संगणकांचा हिशेब साठा-नोंदवहीत, अनुक्रमांकासह, ठेवलेलाच बरा.

दुसरी तपासणी लोकेशनची. विंडोज ११ मध्ये "सेटिंग्ज", मग "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", मग "लोकेशन" अशा पायऱ्यांनी जावे. तेथे "लोकेशन सर्व्हिसेस" चालू पाहिजे. नवा संगणक पहिल्यांदा सुरू करताना तो एकामागून एक प्रश्न विचारतो, आणि आपण घाईत "नको, नको" म्हणत पुढे जातो. त्या नकारांत हेही एक राहून गेलेले असते. ह्याच पानावर "डिफॉल्ट लोकेशन" म्हणून एक जागा असते. चौघा जाणकारांकडून काही नीट समजले नाही तर कोणते गाव धरावे, ते येथे आपण सांगून ठेवू शकतो. हवामान आपल्या गावचे दिसावे यासाठी तिचा चांगला उपयोग होतो. पण हरवलेल्या वस्तूच्या शोधाला तिचा भरवसा धरू नये, कारण ती आपणच लिहिलेली असते.

तिसरी तपासणी प्रत्यक्ष सोयीची. त्याच "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी" मध्ये "फाइंड माय डिव्हाइस" आहे. ते उघडून चालू करावे. बटण फिके दिसत असेल, दाबले जात नसेल, तर पुन्हा मागे जाऊन पहिल्या दोन तपासण्या पाहाव्या. शंभरात कितीदा म्हणून सांगू शकत नाही, पण मी पाहिलेल्या प्रत्येक घरी दोष त्या दोहोंतच निघाला.

चौथी तपासणी इंटरनेटची आणि घड्याळाची. संगणक चालू नसेल, किंवा इंटरनेटला जोडलेला नसेल, तर त्याच्याकडून नवी खबर येत नाही. नकाशावर दिसतो तो शेवटचा कळलेला ठिकाणा. ठिपक्यापाशी दिवस आणि वेळ लिहिलेली असते. ती वाचल्यावाचून ठिपक्यावर विश्वास ठेवू नये. कालचा ठिपका म्हणजे कालचे वर्तमानपत्र. तसेच संगणकाची तारीख चुकली असेल तर इंटरनेटवरची सुरक्षित पाने उघडतच नाहीत, आणि आपण उगाच दुसरीकडे दोष शोधीत बसतो. तारीख-वेळ आधी बरोबर लावावी.

टेबलावरचा मोठा संगणक पुष्कळदा तारेने इंटरनेटला जोडलेला असतो आणि त्यात वाय-फाय मुळीच नसते. त्याला आजूबाजूचे राउटर ऐकूच येत नाहीत. त्याची जागा शहरापुरती ढोबळच येणार. तेथे अधिक अपेक्षा करू नये.

हे सगळे झाल्यावर एकदा परीक्षा घ्यावी. मोबाइलवर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याचे पान उघडावे, "डिव्हायसेस" मध्ये आपला संगणक निवडावा आणि "फाइंड माय डिव्हाइस" दाबावे. ठिपका आला म्हणजे काम झाले. खात्याचा पासवर्ड मात्र संगणकापासून वेगळा, घरातल्या वहीत लिहून ठेवा. काहींनी तो लॅपटॉपच्या पिशवीतच ठेवलेला मी पाहिला आहे. कुलपाची किल्ली कुलपालाच लटकवण्यातला प्रकार तो!

आता एक जरा नाजूक गोष्ट. नवा संगणक दुकानात सुरू करून घेताना, आपला ई-मेल नसला तर दुकानातला माणूस कधी कधी स्वतःचेच खाते घालून देतो. त्याच्या मनात वाईट नसते, गिऱ्हाईक खोळंबू नये एवढाच हेतू असतो. पण त्याचा अर्थ काय होतो, बघा. ज्याचे खाते, त्याचा नकाशा. तुमचा संगणक कोठे आहे हे तुम्हाला दिसत नाही, त्याला दिसू शकते. संगणकाला लांबून कुलूप घालण्याचा अधिकारही त्याचाच. घरात पोरेबाळे आहेत, लेकी-सुना आहेत. घराचा ठावठिकाणा परक्याच्या खात्यावर असू नये. तेव्हा संगणक घेताना अर्धा तास अधिक थांबा, स्वतःचे खाते काढा आणि त्यानेच संगणक सुरू करा. आधीच घेऊन झाला असेल तर स्वतःचे खाते जोडून त्याला मुख्य करावे, आणि मग दुकानदाराचे खाते काढून टाकावे. क्रम उलटा करू नका, नाहीतर तुम्हीच बाहेर राहाल.

तसेच घरातील मोठ्या माणसाच्या संगणकाचे किंवा मोबाइलचे ठिकाण त्याला न सांगता पाहत बसणे बरे नव्हे. वस्तू शोधण्याची सोय माणसावर पाळत ठेवण्यासाठी नाही. मुलांनाही हे समजावून सांगावे, आणि सांगूनच चालू करावे.

आणि खरोखरच संगणक चोरीस गेला तर? नकाशावर ठिपका दिसला की कित्येकांना स्फुरण चढते आणि ते दोन मित्रांना घेऊन तेथे जायला निघतात. असे करू नका. ठिपका शंभर-दोनशे मीटरही चुकू शकतो, हे आता आपल्याला ठाऊक आहे. तेवढ्या अंतरात वीस घरे येतात. एका निरपराध माणसाच्या दारात चोरीचा आळ घेऊन उभे राहणे हे संगणक गमावण्याहून वाईट. आधी त्याच पानावरून "लॉक" करावे. संगणक इंटरनेटला जोडला गेला की त्याला कुलूप लागते. मग ई-मेलचे आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावे. नंतर पावती, यंत्राचा अनुक्रमांक आणि नकाशाचे चित्र घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. मोबाइल चोरीस गेला तर त्याच्या आयएमईआय क्रमांकावरून सरकारच्या संचार साथी ह्या सेवेमार्फत तो बंद पाडता येतो. सिमकार्ड नसलेल्या संगणकाला तो क्रमांकच नसतो, म्हणून तेथे त्याचा इलाज नाही. म्हणूनच अनुक्रमांक आजच वहीत उतरवून ठेवा. लॅपटॉपच्या पाठीवर किंवा खोक्यावर तो छापलेला असतो.

आता बाईंच्या पिशवीचे सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत फोन आला. बसच्या वाहकाने पिशवी आगारात जमा केली होती, आणि लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर शाळेचे नाव व फोन नंबर होता. तो कागद बाईंच्या वर्गातल्या एका मुलीने रंगीत पेन्सिलींनी लिहून दिला होता. बाईंनी तो हौसेने चिकटवला आणि विसरून गेल्या. त्या संध्याकाळी आम्ही तिघे-चौघे बसलो आणि मुलांचे सगळे आवाज दोन निराळ्या ठिकाणी उतरवून घेतले. नकाशा यंत्र शोधून देईल, पण यंत्र फुटलेले मिळाले तर आतले आवाज त्याला भरून देता येत नाहीत. त्यांची दुसरी प्रत आपणच ठेवायची.

तेव्हा श्रोते हो, घरात नवा संगणक आला असेल तर आज रात्री जेवणे आटोपल्यावर एवढे करा. खाते कोणाचे आहे ते पाहा. लोकेशन आणि शोधाची सोय चालू करून मोबाइलवरून एकदा परीक्षा घ्या. अनुक्रमांक वहीत उतरवा, महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत काढा, आणि झाकणावर नाव-नंबराचा एक कागद चिकटवा. ठिपका भलत्याच गावी दिसला तर घाबरू नका. राउटर कोठून आणला, ते आधी आठवा.